सुलटी सावली

१

धाकटीच्या नाकावर राग असतो असं गल्लीतले लोक म्हणत, आणि लोकांचं म्हणणं कधी नव्हे ते खरं होतं. सकाळी कारखान्याचं दार उघडताना ती कडीशी भांडायची, कारण ती कडी मेली कधी धड लागायची नाही. मग शेगडीशी भांडायची. आणि ह्या दोघी निमूट ऐकून घेतात म्हटल्यावर थोरल्या बहिणीशी. पन्नाशीकडे झुकलेली बाई, केस निम्मे पिकलेले, पण थोरली वरच्या खोलीत होती तोवर ही धाकटीच राहणार होती.

धंदा जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचा. आधी आईचा होता, मग थोरलीने सांभाळला, आणि थोरलीचे हात थरथरायला लागले, डावा गुडघा धरला, तेव्हा धाकटीकडे आला. खाली कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. थोरली काठी टेकत जिना उतरायची तेव्हा आधी काठी, मग बरा पाय, मग दुखरा पाय असा ताल ऐकू यायचा, आणि धाकटी तेवढ्या वेळात काय काय ऐकवायचं ते ठरवून ठेवायची.

आता पुस्तकातलं ज्याला थोडं कळतं त्याला विचारा, जुन्या कागदाचा वैरी कोण? लोक वाळवी म्हणतील, ओल म्हणतील. ऊन म्हणणारा जाणकार. उन्हाने कागद ठिसूळ होतो, कापडाचा रंग उडतो, शाई मरते. म्हणून कुठल्याही शहाण्या बांधणीवाल्याच्या खिडक्या अर्ध्या झाकलेल्या असतात. ह्या कारखान्यात मात्र रस्त्याकडच्या एकुलत्या एक खिडकीच्या झडपा रात्रंदिवस सताड उघड्या. पडदा नाही. दुपारचं ऊन थेट टेबलावर येऊन बसायचं, आणि धाकटी गिऱ्हाइकांची पुस्तकं घेऊन त्याच्यापुढे पळत सुटायची, कोपऱ्यातून कोपऱ्यात.

"झडपा लावू दे ना गं, ताई! ह्या हिरव्या कापडाचं बघ काय झालंय!"

"उजेड लागतो."

"कुणाला लागतो? पुस्तकांना? तू तर वर झोपलेली असतेस."

"लावायच्या नाहीत."

का, ते विचारण्यात अर्थ नव्हता. थोरलीकडे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसायचं, आणि त्यातल्या त्यात मोठ्या प्रश्नाचं तर कधीच नव्हतं. धाकटी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती झोपून उठली तर आई घरात नव्हती. आईच्या चपला दारात होत्या, छत्री खुंटीला होती. आई कुठंय म्हणून विचारलं तर थोरली, तेव्हा वीस-बावीस वर्षांची असेल, जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "गेली." कुठे गेली, कुणाबरोबर गेली, मला का नाही नेलं, ह्यावर आणखी एक शब्द नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्या एका शब्दावर धाकटीने जन्म काढला. मेलेल्या आईला माणूस कधी तरी सोडून देतो. पोटची पोर झोपलेली असताना अनवाणी घराबाहेर पडणाऱ्या आईला कसं सोडणार? रोज सकाळी कडीला घातलेली शिवी खरं म्हणजे कुणासाठी असायची, हे दोघी बहिणींना ठाऊक होतं.

थोरलीला एक मुलगी होती, परगावी नोकरीला. ती रोज दुपारी फोन करायची. फोन खाली कारखान्यात, म्हणून थोरली त्या वेळी खाली यायची आणि मुलीशी मात्र भरभरून बोलायची. धाकटीला त्याचाही राग यायचा.

२

संग्रहालयात नव्या बाई आल्या होत्या. हुशार, उत्साही, चपलांचा आवाज न करता चालणाऱ्या. त्यांना जुन्या नोंदी चाळताना काहीतरी सापडलं आणि त्या तडक कारखान्यात आल्या.

"तुमच्याकडे आमचं एक पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "प्रकाशावरचं. शास्त्र नवं होतं तेव्हाचं, फार जुनं. तुमच्या आईंकडे दुरुस्तीला दिलं होतं, ते परत आल्याचं काही दिसत नाही."

"नाही आमच्याकडे," जिन्यावरून आवाज आला.

धाकटीने वर पाहिलं. थोरली अर्ध्या जिन्यात उभी होती. ती कधी उतरली ते कळलं नव्हतं, म्हणजे काठी उचलून धरून, दुखऱ्या गुडघ्यावर भार देऊन, चोरपावलांनी आली होती. थोरली घुमी होती, हट्टी होती, पण खोटारडी नव्हती. त्यामुळे तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि ते धाकटीला लख्ख दिसलं.

"शोधते मी," धाकटी म्हणाली, मुख्यतः थोरलीला चिडवायला.

"प्लीज शोधा. आमच्या प्रदर्शनात मधोमध तेच ठेवायचंय. त्यात अंधाऱ्या खोलीचं एक चित्र आहे, त्याच्या खिडकीच्या जागी खरंच भोक पाडलेलं. ते पान तुमच्या खिडकीत बसवलं आणि खोली बंद केली, की बाहेरचा रस्ता आत भिंतीवर उमटतो. उलटा! आमच्या नोंदीत आहे, पुस्तकातच लिहिलंय तसं करून पाहा म्हणून. लोकांना ते करून दाखवायचंय मला."

पुस्तक मोठ्या कपाटाच्या तळाशी निघालं, रद्दी पुठ्ठ्यांच्या थप्पीखाली, आईच्या कामाच्या एप्रनमध्ये गुंडाळलेलं. शिवण उसवलेली, पानं सुटी. आईने कामाला घेतलं असणार आणि टाकून गेली असणार, जशी बाकी सगळं टाकून गेली. धाकटीने एप्रन लाथेने बाजूला सारला. मग उचलून घडी घातला, आणि घडी घातल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

पुस्तक मात्र देखणं होतं. कांदा कापावा तसा मधोमध कापलेला डोळा, त्याचे पापुद्रे एकेक दाखवलेले. भिंगातून जाणारे किरण, मेणबत्ती, आरसा. आणि मग ते पान. खोलीचं चित्र इतक्या दाट रेघांनी छापलेलं, की पान जवळजवळ काळंच दिसत होतं. कुणा जुन्या मालकाने मागून काळा पुठ्ठाही चिकटवला होता. खिडकीच्या जागी मोहरीच्या दाण्याएवढं भोक असायला हवं होतं. तिथे ठिगळ होतं.

तिने ठिगळाची कड नखाने उचलून पाहिली. हलेना. थुंकी लावून पाहिलं. मग भिंग घेऊन पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

३

"सुताराचा गोंद!" ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडली. "सुताराचा पांढरा गोंद, ताई! हे कुणी केलंय?"

"मी."

"तू?"

ह्या घरात एक नियम होता, आणि तो आईचा. जे चिकटवायचं ते खळीने, गव्हाच्या पिठाच्या साध्या खळीने. कारण आपल्यानंतर दुसरं कुणीतरी हे पुस्तक दुरुस्त करणार असतं, आणि आपली चूक त्याला पाण्याच्या बोटाने सोडवता आली पाहिजे. चिकटवणं काय, कुणालाही येतं. सुटेल असं चिकटव. थोरलीने हे धाकटीच्या डोक्यात इतकं भिनवलं होतं, की ती झोपेत सुद्धा म्हणाली असती. एकदा घाईत धाकटीने एका कोपऱ्याला बाजारचा गोंद लावला, तेव्हा थोरली दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. म्हणजे नेहमीपेक्षाही कमी.

"मला धपाटे घालणारी तू! आणि तीनशे वर्षांच्या पुस्तकाला खुर्चीचा पाय चिकटवतात तो गोंद लावतेस? हा सुटणार कसा?"

"तो सुटायला नको," वरून आवाज आला. "तसंच देऊन टाक ते. नाहीतर देऊच नकोस."

"का?"

वरून फक्त पलंग करकरला. थोरली भिंतीकडे तोंड करून आडवी झाली असणार.

म्हातारचळ, धाकटीने मनाशी ठरवलं. आणि कामाला लागली. राग आला की तिचे हात कधी थरथरत नसत, उलट आणखी स्थिर होत. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, त्यावर टीपकागद, त्यावर वजन. थोडा गोंद फुगला की बोथट पातं आडवं धरून केसाएवढा खरवडायचा. पुन्हा कापूस. अशा गोंदाला घाई चालत नाही, आणि तिला घाई नव्हती. जिन्यावर अधूनमधून काठी वाजायची, दाराशी थांबायची, आणि काही न बोलता परत वर जायची. तोंडाला कुलूप घालून फिरणाऱ्या माणसासारखा संताप आणणारा प्राणी जगात दुसरा नाही.

ठिगळ निघालं तेव्हा भोक साफ होतं, काठ गोल. तिने पान उजेडासमोर धरलं. भोकातून उन्हाची एक तार तिच्या एप्रनवर पडली.

४

खात्री केल्याशिवाय काम देणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरली वर पडली. धाकटीने खाली जन्मात पहिल्यांदा त्या झडपा ओढून घेतल्या. बिजागऱ्या इतक्या गंजलेल्या, की तिला खांदा लावावा लागला. एका झडपेची एक फळी निसटलेली होती. त्या फटीत तिने पान बसवलं, बाकीच्या फटींवर काळं कापड ठोकलं, आणि बाजूच्या भिंतीला टेकून स्टुलावर बसली. डोळे अंधाराला सरावले तसा समोरच्या भिंतीवर रस्ता उमटायला लागला.

खरोखरच उमटला. डोकं खाली, पाय वर, पण रंगांसकट. समोरचं न्हाव्याचं दुकान छताला टांगलेलं. न्हावी उलटा लटकून केर काढत होता, आणि केसांचा ढीग वर वर सरकत होता. आकाश खाली जमिनीलगत, निळं, तिच्या पायांशी. एक सायकल छताजवळून मुकाट निघून गेली. धाकटी चक्क हसली. आपल्याला हसू आलं ह्याचं तिला नवल वाटलं.

मग तिला दिसलं, की चित्राच्या मधोमध काहीतरी काळं आहे. खांदे, मान, डोकं. मानेवर अंबाडा, आणि अंबाड्यात आडवी खोचलेली हाडाची पट्टी, कागदाची घडी दाबायला वापरतात ती. थोरली कायम तशी खोचायची.

"ताई, खिडकीसमोरून हो ना बाजूला," ती म्हणाली. "सगळं चित्र झाकलंस."

"काय गं?" वरच्या खोलीतून थोरलीचा झोपाळू आवाज आला. "मला हाक मारलीस?"

धाकटीने मान वळवली. खिडकी आणि भिंत ह्यांच्यामध्ये टेबल होतं, दाबयंत्र होतं, दुसरं काही नव्हतं. तिने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. रस्ता उलटा होता, माणसं उलटी होती, न्हावी उलटा होता. आणि ही आकृती सुलटी होती. पाय खाली, डोकं वर.

तिचं डोकं रागीट असलं तरी मंद नव्हतं. भोकातून जे येतं ते उलटं होऊनच येतं, बाई म्हणाल्या होत्या. मग जे सुलटं दिसतंय ते भोकातून आलेलं नाही. ती सावली आहे. खिडकी आणि भिंतीच्या मध्ये, ह्या खोलीत, जे उभं असेल त्याची सावली.

दाबयंत्राची, तिने स्वतःला सांगितलं. उठून तिने दाबयंत्र बाजूला ढकललं. त्याची सावली चित्राबाहेर गेली. ती दुसरी तिथेच राहिली. माझीच असेल, तिने ठरवलं, आणि हात वर केला. हाताची सावली कुठेच पडली नाही, ती उजेडाच्या वाटेत नव्हतीच.

मग सावलीने मान वळवली. अंबाडा एका बाजूला सरकला आणि दुसऱ्या बाजूला नाक दिसायला लागलं.

धाकटीने झडप इतक्या जोरात ढकलली, की ती बाहेरच्या भिंतीवर आपटली. समोरचा न्हावी दचकून बघायला लागला. खोलीभर ऊन. टेबल, खुर्ची, खळीचं भांडं. कुणी नव्हतं.

५

थोरली पलंगावर उठून बसली होती. चेहरा खळीसारखा पांढरा.

"पाहिलंस," ती म्हणाली.

"कोण आहे ती?"

थोरलीने तोंड भिंतीकडे वळवलं. आणि मग धाकटीला जे झालं त्याला राग हा शब्दही अपुरा पडेल. तिने थोरलीचे खांदे धरले, त्या म्हाताऱ्या, हाडं लागणाऱ्या बाईला गदगदा हलवलं. "आज नाही! आज मूग गिळून बसलीस तर मी तुला ह्या खिडकीतून खाली टाकीन! ती पट्टी आईची आहे. तू तिचं बघून खोचायला लागलीस. कोण आहे ती?"

"सोड. सांगते. सोड आधी."

आणि थोरलीने सांगितलं, फार नाही, तिला जमलं तेवढं.

"आईने ते पान खिडकीत लावलं होतं. मला म्हणाली, ये, गंमत बघ. मी दारात उभी. ती चित्र जवळून बघायला भिंतीपाशी गेली. तेवढ्यात सूर्यावर ढग आला. चित्र विझलं. काळोख झाला, थोडाच वेळ. ढग गेला, चित्र परत आलं, आणि खोलीत आई नव्हती. दारात मी होते गं. माझ्या अंगावरून कुणी बाहेर गेलं नाही."

"आणि सावली?"

"सावली होती."

"मग तू भोक बुजवलंस? ती आत असताना?"

"लगेच नाही. रोज लावायची मी ते पान. हाका मारायची. तू वर झोपलेली असायचीस. सावली रोज असायची. आधी मोठी, भिंतभर. मग रोज थोडी लहान."

धाकटी थबकली. दिव्याशी हात धरला की सावली भिंतभर होते, आणि हात भिंतीजवळ नेला की हाताएवढीच राहते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. लहान होणारी सावली म्हणजे खिडकीपासून निघून भिंतीकडे येणारं माणूस.

"येत होती ती," धाकटी म्हणाली. "परत येत होती! आणि तू..."

"सावली आईची होती," थोरली म्हणाली. "चाल आईची नव्हती."

खाली फोन वाजला, थोरलीच्या मुलीचा असणार. वाजून वाजून थांबला.

"जन्मभर मी तिला शिव्या घातल्या," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुझ्यासमोर. रोज. आणि तू ऐकून घेतलंस."

"एवढ्याशा पोरीला काय सांगणार होते मी?"

"मोठी झाले तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं असतं," थोरली म्हणाली, "तर तू त्याच दिवशी झडपा लावल्या असत्यास."

६

आणि धाकटीने नेमकं तेच केलं. रात्रभर तिने दात आवळून विचार केला होता, आणि विचार एकच होता. आई गेली नव्हती. आईला जाऊ दिलं गेलं, वर गोंद लावला गेला. दुपारचं ऊन खिडकीवर आलं तशी तिने झडपा ओढल्या, पान बसवलं, जिन्याकडच्या दाराची कडी लावली. कडी नेहमीसारखीच अर्धवट लागली.

ह्या वेळी ती बाजूला बसली नाही. ती थेट चित्राच्या भिंतीपाशी जाऊन, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, उलटा रस्ता अंगावर घेऊन. मान वळवली की शेजारी भिंत दिसत होती. भिंतभर सावली होती.

"ये," ती म्हणाली. "ये ना, बघू दे तोंड. चपला तरी घालायच्या होत्यास. मी दारात बसून राहायचे, माहितीये तुला? शाळेतून आले की तिथेच. शेजारची माणसं आत ओढून न्यायची मला. तुझ्या त्या चपला ताईने कुठे ठेवल्या ते मला अजून माहीत नाही. ये इकडे, मला भांडायचंय तुझ्याशी."

सावली लहान झाली. वर छताजवळ, न्हाव्याच्या उलट्या खुर्चीपर्यंत पोचलेली ती आता खाली दुकानाच्या छपरापाशी आली.

जिन्यावर काठी वाजली. काठी, बरा पाय, दुखरा पाय, आज सगळं भराभर. दार ढकललं गेलं, आणि कडीने आपल्या स्वभावाप्रमाणे हार खाल्ली.

"झडप उघड!" थोरली दारातून ओरडली. "ढग येतोय!"

धाकटीने खाली पाहिलं. भिंतीच्या तळाशी, तिच्या घोट्यांजवळ, उलट्या आकाशात एक पांढरा ढग हळूहळू सरपटत सूर्याच्या बाजूला चालला होता.

"येऊ दे."

"अगं, माझं ऐक एकदा! आयुष्यात एकदा!"

"तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं!"

सावली आता माणसाएवढी होती. धाकटीच्या डोक्याशेजारी डोकं, खांद्याशेजारी खांदा. म्हणजे जे काही होतं ते हाताच्या अंतरावर होतं. समोर मात्र फक्त हवा, आणि त्या हवेपलीकडे भोकाचा ठिपका. धाकटीला खळीचा वास आला, आंबलेल्या, जुन्या खळीचा. चित्रातल्या रंगांची धार गेली. न्हावी पुसट झाला, रस्ता राखाडी झाला.

चित्र विझलं.

अंधारात काठी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि दोन म्हाताऱ्या, थरथरत्या हातांनी धाकटीला छातीवर असा धक्का दिला, की ती भिंतीवरून घसरत कोपऱ्यात जाऊन पडली. तिच्यासमोर, ती जिथे उभी होती तिथे, कुणीतरी श्वास आत घेतला. बाहेर सोडलेला ऐकू आला नाही.

मग ऊन परत आलं. आधी आकाश, मग रस्ता, मग न्हावी. दार उघडंच होतं, दारात कुणी नव्हतं. काठी फरशीवर आडवी, आणि थोरलीची एक चप्पल उंबऱ्यात.

भिंतीवर उलट्या रस्त्यात दोन सावल्या सुलट्या उभ्या होत्या. दोन्ही मोठ्या, भिंतभर. दोघींच्या अंबाड्यात पट्टी.

७

ऊन होतं तोवर धाकटीने पान काढलं नाही. हाका मारून तिचा घसा बसला. मध्येच फोन वाजून वाजून थांबला. शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, परत शिव्या दिल्या. ताई, मी ऐकते, ताई, तू म्हणशील ते ऐकते. तिने भिंतीला हात लावला तर नुसता चुना लागला.

ऊन कलायला आलं तशी एक सावली हलली. दुसरी, ताईची. ती लहान व्हायला लागली, थोडी, मग आणखी थोडी. येतेय! धाकटी उठून उभी राहिली, हात पुढे केले. जन्मभर जिन्यावर ऐकलेला ताल तिच्या कानात सुरू झाला. बरा पाय, दुखरा पाय. प्रत्येक पावलाला ताईचा डावा खांदा खाली जायचा, गुडघा धरल्यापासून नेहमीच.

सावलीचे खांदे सरळ होते. ती लंगडत नव्हती. पाण्यावरून यावं तशी एका संथ रेषेत, डोकं किंचितही न हलवता, येत होती.

धाकटीने झडप उघडली.

पान टेबलावर ठेवलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. ते पहिल्यांदाच. खळीचं भांडं समोर होतं, सकाळीच शिजवलेली खळ, पांढरी, मऊ. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. सुटेल असं चिकटव. मग ती उठली आणि मागच्या फळीवरून सुताराच्या गोंदाची बाटली काढून आणली. ठिगळाच्या एका बाजूला लावला, मग दुसऱ्या बाजूला, कडांना पुन्हा, आणि बोटाने दाबून धरलं. दाबून धरताना ती रडत होती आणि रडता रडता त्या दोघींना, बाईंना, स्वतःला, सापडेल त्याला शिव्या देत होती.

फोन वाजला.

"मावशी? काल कुणी फोन उचलला नाही, आज दुपारी पण नाही. आईला दे ना."

धाकटीने तोंड उघडलं. सगळं सांगायचं, तिने ठरवलं होतं. मी ताईसारखी वागणार नाही. पण सांगितलं की ही पोर मिळेल त्या गाडीने येईल. आणि आली की पहिलं काय करेल, हे धाकटीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तिने उंबऱ्यातल्या एकट्या चपलेकडे पाहिलं.

"गेली," ती म्हणाली.

"गेली म्हणजे? कुठे गेली? बाहेर? त्या गुडघ्याने? काठी नेलीये का तिने? मावशी, मी काय विचारतेय? बोल ना! का बोलत नाहीस तू?"

त्या आवाजातला राग तिच्या ओळखीचा होता. तो आत्ताच पेटला होता आणि आता कधी विझणार नव्हता. बोटाखाली गोंद अजून ओला होता. धाकटीने फोन कानाशी तसाच धरून, खिडकीच्या दोन्ही झडपा सताड उघड्या आहेत ना ते बघितलं, आणि पुन्हा तेवढंच म्हणाली.

"गेली."